रेशनच्या काळातील सार्वजनिक भोजनालये



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो पगारवाढीवर बोलणार, अशी लोकांची समजूत असते. आज मी स्वयंपाकघरावर बोलणार आहे. त्याचे कारण साधे आहे. तीस वर्षे कामगारांत वावरताना पगाराच्या खालोखाल ज्या विषयावर मी सर्वांत अधिक भांडणे ऐकली, तो विषय कँटीनचा. आणि ह्या भांडणांचा मागोवा घेत मी वाचावयास लागलो तेव्हा ध्यानात आले की त्यांची मुळे दुसऱ्या महायुद्धाच्या रेशनिंगपर्यंत जाऊन पोचतात.

आरंभीच एक फरक सांगून ठेवतो. आपले नाशिक हे क्षेत्राचे गाव. येथे अन्नछत्र कोणाला समजावून सांगावे लागत नाही. २०१५ च्या सिंहस्थात साधूंच्या आखाड्यांतून किती पाने उठली हे आपण पाहिलेच आहे. अन्नछत्रात देणारा दाता असतो आणि घेणारा पाहुणा, यात्रेकरू अथवा याचक. पाहुणा भात कमी आहे म्हणून तक्रार करीत नाही. मी ज्याविषयी बोलणार आहे त्या भोजनालयात जेवणारा पैसे मोजून बसतो, दर ठरलेला असतो, नफा कोणी खात नाही, आणि आजची भाकरी लहान का, असे विचारण्याचा त्याला हक्क असतो. हा हक्क कोठे टिकला आणि कोठे गेला, एवढेच मला आज पाहावयाचे आहे.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई हे तांदूळ विकत घेऊन खाणारे शहर. भाव चढले, साठेबाजी वाढली, दुकानांपुढे रांगा लागल्या. २ मे १९४३ रोजी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. हिंदुस्थानातल्या मोठ्या शहरांत ते पहिले. ए. डी. गोरवाला ह्या आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या करड्या कारभाराची त्या काळी मोठी वाखाणणी झाली. सरकारने नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीने त्याच वर्षी प्रौढ माणशी रोज एक पौंड धान्याची शिफारस केली. पुढे १९४६ मध्ये हा शिधा १२ औंसांवर आला. १२ औंस म्हणजे आजच्या मापाने सुमारे ३४० ग्रॅम. आपल्याकडची कष्टकऱ्याची भाकरी शंभर-सव्वाशे ग्रॅम पिठाची. म्हणजे दिवसाला तीन भाकऱ्या होतात, चौथी होत नाही. अंगमेहनत करणाऱ्यास जादा शिधा देण्याची तरतूद होती खरी. पण जो माणूस दहा तास साच्यापुढे उभा राहतो त्याला चौथी भाकरी ही चैन वाटत नाही, हे सांगावयास नको.

आता गिरणगावाकडे पाहा. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुण्याकडचा माणूस बायकामुले गावी ठेवून मुंबईत आलेला. एका खोलीत पाळीपाळीने दहा-पंधरा जण झोपत. त्यांची चूल म्हणजे खाणावळ, आणि खाणावळ म्हणजे बहुधा गावाकडचीच एखादी बाई, जी पंधरा-वीस माणसांचे दोन वेळचे रांधून घालते आणि पगाराच्या दिवशी पैसे घेते. रेशनिंगने ह्या बाईपुढे एक विलक्षण पेच टाकला. शिधा माणसाच्या नावावर, चूल बाईची. वीस माणसांचे एका चुलीवर शिजवावयाचे तर वीस जणांच्या वाटचे धान्य तिच्या हाती यावयास हवे. ते एकत्र झाले की मग कोणाचे किती आणि कोणी किती खाल्ले? कोकणातला माणूस भातावर वाढलेला, घाटावरचा भाकरीवर. दुकानात ह्या आठवड्याला गहू अधिक आणि तांदूळ कमी आला की दोघेही रुसणार. त्यात रॉकेल आणि साखरही टंचाईची. सरकारी दप्तरात ह्या बाईला कोणी हिशेबनीस म्हटले नाही. पण युद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्या चालल्या त्यात तिच्या तोंडी हिशेबाचा वाटा किती, हे कोणी मोजलेले माझ्या वाचनात नाही.

गिरणीमालकांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली. १९४० च्या संपानंतर महागाई भत्त्याचा प्रश्न ऐरणीवर आला होताच. परंतु शिजवलेल्या अन्नाची व्यवस्था हे काम मालकांनी बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराच्या चहाच्या टपरीवर सोपवले होते.

त्याच वर्षांत विलायतेत काय चालले होते ते सांगतो. तेथे बॉम्ब पडत होते, घरे कोसळत होती, बायका कारखान्यांत कामाला जात होत्या आणि घरी रांधावयास कोणी नव्हते. १९४० मध्ये तेथील सरकारने नगरपालिकांकरवी सार्वजनिक जेवणघरे काढावयास सुरुवात केली. त्यांना ‘सामुदायिक भोजन केंद्र’ असे काही रूक्ष नाव होते. पंतप्रधान चर्चिल यांना ते मुळीच आवडले नाही. त्या नावाला एकीकडे कम्युनिझमचा आणि दुसरीकडे अनाथालयाचा वास येतो असे त्यांना वाटले. १९४१ मध्ये त्यांनी ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ हे नाव सुचवले आणि तेच रूढ झाले. मी चर्चिलसाहेबांचा भक्त नाही, बंगालचा दुष्काळ ज्याने वाचला आहे तो होऊही शकत नाही. पण नावाच्या बाबतीत त्यांचे बरोबर होते असे मला वाटते. माणूस केंद्रात गेला म्हणजे लाभार्थी होतो, भोजनालयात गेला म्हणजे गिऱ्हाईक होतो.

१९४३ मध्ये अशी दोन हजारांहून अधिक भोजनालये चालू होती. शाळेत, चर्चच्या दिवाणखान्यात, रिकाम्या दुकानात, जेथे जागा मिळेल तेथे. जेवणाचा दर साधारण नऊ पेन्स ते एक शिलिंग. घरच्या रेशनचे कूपन येथे द्यावे लागत नसे, म्हणजे येथले जेवण हे घरच्या शिध्यावर भर म्हणून मिळे. दाराशी पैसे भरावयाचे, पदार्थागणिक रंगीत बिल्ले घ्यावयाचे, रांगेत उभे राहून स्वतः ताट घ्यावयाचे आणि बिल्ला टाकावयाचा. सूप, मांसाचा एखादा तुकडा, बटाटा, कोबी, खीर. चवीविषयी फारसे कोणी गौरवाने लिहिलेले नाही. पण त्या टेबलावर कारकून, गवंडी, शिक्षिका आणि बॉम्बने घर गेलेली म्हातारी शेजारी शेजारी बसत होती. वरच्या हॉटेलांवरही बंधन होते. १९४२ पासून कोणत्याही हॉटेलात पाच शिलिंगांहून अधिक दराचे जेवण देण्यास बंदी होती. श्रीमंताने पैशाच्या जोरावर टंचाईबाहेर राहू नये, हा त्यामागचा विचार. युद्धानंतर, १९४७ च्या कायद्याने, त्यांतली काही ‘नागरी भोजनालये’ म्हणून नगरपालिकांकडे राहिली. सतत तोट्यात जाणारे भोजनालय चालू ठेवावयाचे तर मंत्र्यांची परवानगी हवी अशी अट त्यात होती.

आणि त्याच १९४३ मध्ये, त्याच साम्राज्यात, बंगालमध्ये लंगरखाने उघडले गेले. मुंबईत मे महिन्यात सुरू झालेले रेशनिंग कलकत्त्यात सुरू व्हावयास १९४४ चा जानेवारी संपत आला. तोवर खेड्यांतून शहरात आलेली माणसे पदपथावर मरून पडली होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. लंगरखान्यातून पातळ खिचडी मिळे. ती वाटणाऱ्या स्वयंसेवकांच्या कळकळीविषयी मला शंका नाही. त्यांतले कित्येक आमच्याच चळवळीतले होते. पण खिचडी किती पातळ करावयाची हे रांगेतल्या माणसाच्या हाती नव्हते. लंडनचा गवंडी आणि बंगालचा शेतमजूर, दोघेही एकाच राजाचे प्रजाजन. एकाला बिल्ला मिळाला, दुसऱ्याच्या ओंजळीत ओतले गेले.

मग आपल्याकडे युद्धकाळात लंडनसारखी भोजनालये गावोगाव का निघाली नाहीत? सरकार परके होते, हे एक उत्तर. दुसरे उत्तर मला ह्या नदीकाठी उभे राहून द्यावे लागते आहे. येथून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे लढवला, आणि दरवाजा उघडला नाही. जेथे एका दारातून आत जाता येत नव्हते तेथे एका पंगतीत बसणार कोण? गिरणगावच्या खाणावळीसुद्धा जातीच्या आणि तालुक्याच्या होत्या. ज्या समाजात पाण्याचा माठ वेगळा, त्या समाजात सार्वजनिक भोजनालय ही स्वयंपाकाची बाब उरत नाही. १९४० च्या दशकात अनंत हरी गद्रे यांनी मुंबईत झुणकाभाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला दलित जोडपे बसवावयाचे आणि प्रसाद म्हणून सर्वांनी एकत्र झुणकाभाकर खावयाची. टंचाईच्या दिवसांत शिऱ्याला साखर-तूप कोठून आणणार. झुणकाभाकर सगळ्यांच्या आवाक्यातली. ‘समतानंद’ ही पदवी त्यांना उगीच मिळाली नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो, कारण भोजनालय तत्त्वावर चालत नाही, कोठीवर चालते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. मुंबई-आग्रा रस्त्यावरून उत्तरेकडे पायी चाललेली माणसे आपण सर्वांनी पाहिली. अंबड-सातपूरच्या खोल्यांतून जे मागे राहिले होते त्यांत बिहार-उत्तर प्रदेशचे कंत्राटी कामगार पुष्कळ. त्यांची शिधापत्रिका गावी, कारखाना बंद, कंत्राटदाराचा फोन बंद. १९४३ चाच पेच पुन्हा उभा राहिला: शिधा एकीकडे, माणूस दुसरीकडे. आम्ही काही कामगारांनी मिळून एक जेवणघर चालवले. दोन-अडीचशे पाने होत.

पहिल्याच दिवशी आम्ही ठरवले की जेवण फुकट नाही. पाच रुपयांचे कूपन. ज्याच्याजवळ पाच रुपये नाहीत त्याने दोन तास काम करावयाचे: कांदे सोलणे, पोळ्या लाटणे, पातेली घासणे. त्यालाही तेच कूपन, त्याच रंगाचे. रांगेत कोण पैशाचा आणि कोण कामाचा हे कळता कामा नये. काही सज्जनांनी धान्य दिले आणि ताट देताना छायाचित्र काढण्याची इच्छा दर्शवली. आम्ही धान्य घेतले, पावती दिली आणि छायाचित्र कोठीच्या पोत्यांचे काढा म्हणून सांगितले. एक-दोघे रागावले.

दाराशी एक फळा होता. सकाळी कोठीतून किती किलो तांदूळ, डाळ, कणीक, तेल निघाले ते त्यावर लिहावयाचे. जेवणे झाली की किती कूपने आली ते लिहावयाचे. शेवटी उरले किती आणि उष्टे किती, तेही तोलून लिहावयाचे. हे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. स्वयंपाकघरातली चोरी धान्याच्या पोत्यात क्वचितच होते, कारण पोते दिसते. ती तेलात, साखरेत आणि न जेवलेल्या पानांत होते. शंभर जेवले आणि सव्वाशे लिहिले, की पंचवीस भुते रोज पोटभर जेवून जातात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक बिहारी तरुण ताट घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “भैया, आज भात कम है.” मला फार बरे वाटले. तीन दिवस ही माणसे मान खाली घालून जेवत होती, आता त्यांच्यातला एक तक्रार करीत होता. काटा तेथेच होता. त्याच्यासमोर ताट तोलले. ओगराळे तेच, वाढपी तोच, कोठीतून तांदूळही तेवढाच निघालेला. तरी मूद लहानच होती. आमच्या आचाऱ्याने पातेल्यात पाहिले आणि लगेच ओळखले. आदल्या दिवशी पोते बदलले होते. आधीचा तांदूळ जुना, तो फुलतो. हा नवा, चिकट होतो आणि फुगत नाही. भात कमी पडू लागला तसा वाढप्याचा हात आखडला होता. तेव्हापासून नियम झाला: नवे पोते फोडले की एक किलो तांदूळ शिजवून तोलावयाचा, आणि त्यावरून कोठीचे माप ठरवावयाचे. त्या तरुणाला आम्ही दुसऱ्या दिवसापासून काट्यावर बसवले.

हे मी विस्ताराने सांगतो आहे, कारण कागदावर शिधा किती ठरला यापेक्षा ओगराळे कोणाच्या हातात आणि काटा कोणाच्या डोळ्यांसमोर, यावर टंचाईत माणसाचे पोट ठरते. चाळीस खोल्यांत चाळीस शेगड्या पेटवण्यापेक्षा एका चुलाणावर रांधले तर इंधन वाचते, घाऊक भावाने जिन्नस मिळतो, कामावर जाणाऱ्या बाईचे दोन तास वाचतात, हे सर्व खरे आहे आणि युद्धकाळच्या विलायती सरकारला तेच हवे होते. पण सामाईक पातेल्यात माणूस आपला शिधा टाकतो तो विश्वासावर, आणि हा विश्वास रोज फळ्यावर लिहावा लागतो.

खाणावळीच्या बाईची गोष्ट पुढे कोणी उचलली तेही सांगितले पाहिजे. १९७३-७४ च्या गिरणी संपात कामगारांना पगार नव्हता, तरी ह्या बाया उधारीवर जेवू घालीत राहिल्या. त्यासाठी त्यांनी सावकाराकडे दागिने आणि भांडी ठेवली. हे प्रेमा पुरव यांनी पाहिले. त्या गोवामुक्तीच्या लढ्यातल्या, आणि त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी. १९७५ मध्ये प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून ह्या बायांना कर्जे मिळवून दिली. तारण काय, तर एकमेकींची हमी. साता पिढ्या व्याज भरलेल्या बाईला बँकेत खुर्ची मिळाली. आमच्या पुरुषांच्या संघटनांना वर्षानुवर्षे त्यांच्या हातचे जेवून जे सुचले नव्हते ते एका बाईला सुचले, याची नोंद आम्ही आमच्या अधिवेशनांत क्वचितच घेतो.

कारखान्यांतल्या कँटीनची कथा निराळी. युद्धकाळाचा अनुभव आणि कामगारांची मागणी यांतून १९४८ च्या कारखाने कायद्यात ४६ वे कलम आले. २५० हून अधिक कामगार असतील तेथे कँटीन असावे, तेथले दर ना नफा ना तोटा असावेत, आणि कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी व्यवस्थापन समितीत असावेत, असे कायदा व त्याखालचे नियम यांनी ठरवले. म्हणजे काट्यावर बसण्याचा हक्क कायद्याने दिला. प्रत्यक्षात काय झाले? मी पाहिलेल्या कित्येक ठिकाणी समिती कागदावर, सही आणावयास शिपाई फिरतो, आणि कँटीन कंत्राटदाराकडे. कामगार डाळीवरून कंत्राटदाराच्या पोऱ्याशी भांडतो, जो पोऱ्या त्याच्याहून कमी पगारावर राबत असतो. २०२० च्या संहितेत शंभर कामगारांवर कँटीनची तरतूद आली आणि कंत्राटी कामगारही त्या मोजणीत धरले. हे चांगले झाले.

सरकारी योजनांविषयी थोडक्यात बोलतो. १९९५ मध्ये एक रुपयात झुणकाभाकर आली. अल्पावधीत कित्येक केंद्रांच्या मोक्याच्या जागांवर झुणका सोडून बाकी सर्व मिळू लागले. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी आली: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण, दहा रुपयांत, शहरात थाळीमागे वरचे चाळीस रुपये सरकारचे. टाळेबंदीत दर पाच रुपये झाला. त्या थाळीने असंख्य लोकांना जगवले, आणि ग्रॅममध्ये लिहिलेला हा तक्ता मला मनापासून आवडला, कारण त्यावर बोट ठेवून भांडता येते. मात्र भुते जेवू नयेत म्हणून जेवणाऱ्याचे छायाचित्र काढण्याची पद्धत ठेवली, ती मला आवडली नाही. माझा जेवणारा गरीब आहे, गुन्हेगार नाही. छायाचित्र काढावयाचे तर काट्याचे काढावे आणि रोज दाराशी लावावे.

आता आपल्या गावचे. सातपूर-अंबडमध्ये शंभराहून कमी माणसांचे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांना कँटीनचे बंधन नाही. तेथला मुलगा सकाळी सहाला वडापाव खाऊन पाळीवर जातो आणि दुपारी पुन्हा वडापावच खातो. असे एका रस्त्यावरचे दहा-बारा कारखाने मिळून एक सामाईक जेवणघर चालवू शकतात. जागा आणि गॅस मालकांनी द्यावा, धान्य-भाजीचा खर्च जेवणाऱ्याने द्यावा, आचाऱ्याला कायदेशीर पगार मिळावा, आणि समितीत अर्ध्याहून अधिक जेवणारे असावेत, त्यांत बाया असाव्यात. दोन मालकांशी माझे बोलणे झाले आहे. एकाने होकार दिला. दुसऱ्याने विचारले की कंत्राटदार का नको. त्यांना मी २०२० चा आमचा फळा दाखवला. तो अजून माझ्याकडे आहे.

तीनशे पानांचा खर्चाचा कागद मी सोबत आणला आहे. त्यात डाळीचा दर गेल्या आठवड्याचा आहे, तेलाचा मात्र आज सकाळचा. ज्यांना तो तपासून पाहावयाचा असेल त्यांनी सभा संपल्यावर येथेच पायऱ्यांवर भेटावे. हिशेबात काही चुकत असेल तर पेन्सिलीने खूण करावी.